विहिरीभोवती फिरलेलं पेन

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता पूर्ण मिटत नाहीत. भाकरी मोडताना ती दोन्ही बोटं बाजूला उभी राहतात आणि समोरच्याला वाटतं, हा माणूस जेवतानाही तोरा दाखवतो. कुणीतरी विचारतंच, काय झालं म्हणून. मी सांगतो, टॅबवर यादी सरकवत होतो. लोक हसतात. मला मात्र राग येतो, कारण मी अक्षर न् अक्षर खरं बोललेलो असतो.

मी खाजगी मोजणी करतो. राहायला कळंबला, पण कामासाठी जिल्हाभर फिरणं असतं. भावाभावांत वाटणी करायची असली, शेजाऱ्यानं बांध कोरलाय असा संशय आला, की सरकारी मोजणीच्या आधी लोक आमच्यासारख्याला बोलावतात. आमच्या नकाशाला कोर्टात किंमत नाही, हे मी पहिल्या चहालाच सांगून टाकतो. तरी बोलावतात, कारण भांडायचं की नाही ते ठरवण्याआधी त्यांना आपण कुठं उभे आहोत ते बघायचं असतं. माझ्या एका हातात यंत्र बसवलेली काठी असते, दुसऱ्या हातात टॅब. बांधाच्या प्रत्येक वळणावर काठी टेकवायची, यंत्र वरच्या उपग्रहांकडून जागा विचारून घेतं, टॅबमध्ये एक बिंदू पडतो. असे बिंदू जोडत गेलं की रान तयार होतं.

या बिंदूंची यादी वरखाली करणं हा माझ्या धंद्यातला खरा छळ होता. मोबाईलवर सगळे करतात तसा बोटानं झटका द्यायचा, की यादी सुसाट सुटायची आणि हवा तो बिंदू कुठल्या कुठं मागं पडायचा. मग उलटा झटका, मग परत पुढं. त्यात बोट घामानं ओलं, नाहीतर हद्दीवर टाकायच्या फक्कीनं पांढरं झालेलं. ही फक्की म्हणजे चुन्याची पूड, ती बोटाला लागली की काच बोटाला ओळखतच नाही. एका उन्हाळ्यात मी असा भडकलो की टॅब ज्वारीच्या धसकटांत फेकून दिला. काचेला गेलेली चीर बघून आणखी भडकलो आणि काठीला लाथ घातली. मी स्वभावानं असाच आहे, घरचे सवयीनं सांभाळून घेतात.

मग त्या सॉफ्टवेअरमध्ये गोल आला. झटका द्यायचाच नाही. काचेवर बोट टेकवायचं आणि न उचलता गोल फिरवत राहायचं. घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं की यादी पुढं, उलटं फिरवलं की मागं, आणि यादीबरोबर नकाशावरची खूणही हद्दीवरून एकेक बिंदू चालत जाते, आणि बिंदू ज्याचा त्याचं रान उजळतं. मोठा गोल फिरवला की यादी सावकाश आणि नेमकी सरकते. लहान गोल गरागरा फिरवला की झपाट्यानं. रहाटाचं चाक आणि दोर यांचं जसं असतं, तसं ते हाताला दोन दिवसांत कळतं. मी घरी खाटेवर पडून सराव करायचो, तेव्हा बायको म्हणायची, पिठलं हाटायलाव का काय.

गोल फिरवायच्या तीन तऱ्हा होत्या आणि मी तिन्ही वापरून बघितल्या. पहिली, कोपऱ्यात छापलेली चकती. बोट त्या चकतीवरच फिरायला पाहिजे. दिसायला छान, पण रानात निकामी. डोळे बांधावर ठेवायचे की चकतीवर? बोट जरा घसरलं की सगळं थांबायचं. दुसरी, कुठंही बोट टेकवून फिरवायची. ही मला आवडली. बघायची गरजच नाही, बोट आपलं फिरत राहतं. फक्त तळहाताखाली अर्धा नकाशा झाकला जातो आणि फिरवता फिरवता गोल हळूहळू वाहवत काचेच्या कडेला जातो. तिसरी तऱ्हा पेनाची. टॅबबरोबर ते निमुळत्या टोकाचं पेन येतं. त्यानं फिरवायला नुसतं मनगट लागतं, गोल चवलीच्या नाण्याएवढा पुरतो, नकाशा झाकत नाही, घाम आणि फक्कीचं त्याला काही वाटत नाही. कामाच्या दृष्टीनं पेन बोटाच्या कितीतरी पुढं होतं. एकच गोष्ट, बोटाच्या मागं काचेवर काही उमटत नाही. पेनाच्या मागं मात्र बारीक निळी रेघ उमटायची आणि क्षणभर राहून विरून जायची. ती रेघ कशासाठी ठेवली होती ते मला माहीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात मला वाटणीसाठी बोलावलं होतं. दोन भाऊ आणि त्यांची आई. बाप जाऊन बराच काळ झाला होता. थोरल्याच्या वाट्याला ओढ्याकडचं काळं रान जाणार, धाकट्याच्या वाट्याला वरचं उताराचं, मुरमाड, हे आधीच ठरलेलं. वाद विहिरीचा होता. विहीर बापानं आणि आईनं स्वतः खोदलेली, बरोबर दोघांच्या मध्ये. आजवर दोघांच्या मोटारी तिच्यावर पाळीनं चालत. थोरल्याचं रान ओलीचं, त्याला विहीर नसती तरी ओढ्याच्या कडेला बोअर घेता आली असती. धाकट्याच्या वरच्या रानाला दुसरं पाणी नव्हतं. विहिरीतली पाळी गेली तर त्याच्या वाट्याला नुसता मुरूम उरणार होता. आई म्हणत होती, विहीर सामाईकच राहील. थोरला हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. धाकटा दर बांधाला मला विचारत होता, विहीर दोघांचीच ऱ्हाईल ना साहेब. मी दर वेळी सांगत होतो की मी मोजतो, देत नाही.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, ती आधीच सांगून टाकतो. आमच्या कळंबकडं वाटणी चिठ्ठ्या टाकून होते. त्या गावात तशी पद्धत नव्हती. तिथं पंच बसतात, कागदावर रानाचा कच्चा नकाशा काढतात, आणि आंबा, खळं, गोठा, विहीर अशा एकेका वस्तूभोवती पेनानं गोल टाकत ती कुणाची ते बोलतात. पेनानं गोल पडला की फैसला झाला. त्यावर मग कुणी तोंड उघडायचं नाही. पिढ्यान् पिढ्या तिथं असंच चाललेलं, आणि तिथल्या माणसाला हे वेगळं सांगावं असं वाटलंच नाही, कारण हे कुणाला माहीत नसेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसतं.

सकाळपासून आम्ही हद्द चालत होतो. बांधावर वेडी बाभूळ माजली होती, ती तोडून मला काठीला जागा करून द्यायला थोरल्याच्या हातात कुऱ्हाड होती. हद्दीचे दगड उकरायला आणि रोवायला धाकट्याकडं पहार. आईच्या कमरेला फक्कीची पिशवी, मी दाखवेन तिथं ती मूठभर सोडायची. मी बोटानं यादी फिरवत होतो. दोघा भावांनी ती बोटाची गरगर कितीतरी वेळा बघितली. एकदा तर विहिरीच्या चित्रावरच माझं बोट फिरत होतं. कुणाचं काही म्हणणं नव्हतं. बोटाला कोण विचारतो?

ऊन चढल्यावर बोटांनी काम करणं सोडलं. काच एकदा माझं ऐकायची, दोनदा नाही. मी तोंडातल्या तोंडात शिव्या घातल्या आणि पेन काढलं. विहिरीच्या काठावर, खोदताना निघालेल्या दगडांचा मोठा ढीग होता. त्या ढिगाच्या सावलीत बसलो, काठी शेजारी आडवी ठेवली, टॅब मांडीवर. दोघे भाऊ दोन खांद्यांवरून वाकून बघत होते. आई समोर पाण्याची कळशी घेऊन उभी. थोरल्यानं विचारलं, ओढ्याकडचा तिसरा दगड बरोबर आला का ते दाखवा. मी पेन काचेच्या मध्यावर टेकवलं आणि फिरवायला लागलो. मध्यावर विहिरीचा निळा ठिपका होता. मी तिकडं बघतही नव्हतो, माझं लक्ष बाजूच्या यादीवर होतं.

पेनामागं निळा गोल उमटला, बरोबर विहिरीभोवती. यादी थोरल्याच्या बिंदूंवर गेली, त्यामुळं नकाशावर त्याचं रान पिवळं उजळलं.

"गोल कशापायी टाकलाव?" धाकट्यानं विचारलं.

मी म्हणालो, यादी सरकवतोय. दगड अजून पुढं होता, म्हणून परत फिरवलं, आणि परत. माझ्या दृष्टीनं तो एकच चालता गोल होता. त्याच्या दृष्टीनं मी विहिरीभोवती तीनदा गोल टाकून ती त्याच्या भावाच्या रानात लोटली होती.

त्याचा आवाज चढला. तो म्हणाला, आईनं शब्द दिला होता, मग हे कुणी सांगितलं टाकायला. मी वर बघितलं नाही. अडाणी शंका काढतोय असं मला वाटलं आणि मी चिडून म्हणालो, जरा गप बसता का. इथपर्यंत सगळं आवरण्यासारखं होतं. थोरल्याला नक्की ठाऊक होतं की मी बाहेरचा आहे, वाटणी करणारा नाही. तो एक शब्द बोलला असता तर मिटलं असतं. तो हसला.

"आता टाकलाय त्यांनी, तर टाकलाय," तो म्हणाला. "पेनानं टाकलाय."

पहार खाली आली. ती कुणावर होती ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक टॅबवरच असावी, त्या गोलावर. टॅबवर माझा हात होता. काच फुटल्याचा आवाज आणि हाड मोडल्याचा आवाज एकदमच झाला, आणि पहिले काही क्षण मला टॅबचंच दुःख झालं. मग कळ आली. मी ओरडत मागं कोसळलो.

मान वळवली तेव्हा कुऱ्हाड वर गेली होती. थोरल्यानं धाकट्याच्या खांद्यावर घाव घातला. सदऱ्याखालून रक्त असं बाहेर आलं की सदरा लगेच अंगाला चिकटला. माणूस खाली बसेल असं वाटलं होतं. तो बसला नाही. त्यानं एका हातानं पहार फिरवली आणि ती थोरल्याच्या गुडघ्यावर बसली. थोरला आडवा झाला, कुऱ्हाड हातातून उडाली. धाकटा त्याच्या छातीवर बसला, ढिगातला एक दगड उचलला आणि भावाच्या तोंडावर मारायला लागला. शिव्या नाहीत, ओरडणं नाही. नुसता दगड वर जात होता आणि खाली येत होता. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

मी डाव्या हातानं यंत्राची काठी उचलली आणि धाकट्याच्या पाठीत हाणली. यंत्र निखळून विहिरीत पडलं. तो थांबला नाही. मी परत हाणली. मग थोरल्यानं खालून त्याचा गळा धरला, तेव्हा मी थोरल्याच्या हातावरही हाणली. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. उलट त्या क्षणी मला बरं वाटत होतं, हे मी कुणाकुणाला सांगितलंय आणि ज्यांनी कधी मारामारी केलीय त्यांना ते कळलंय. माझं दोन तुकडे झालेलं हाड, माझा फुटलेला टॅब, माझी अख्खी सकाळ, हे सगळं त्या काठीत उतरलं होतं. मी सोडवत होतो की मारत होतो, त्याचा निवाडा मला करता येत नाही.

सोडवलं आईनं. ती मध्ये पडली नाही, रडली नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली, दोघांच्या डोक्याशी आली आणि सगळी फक्की दोघांच्या डोळ्यांत ओतली. मुठीनं चोळली म्हणावं इतक्या जवळून. दोघेही एकमेकांना सोडून डोळे धरून लोळायला लागले. पांढऱ्या तोंडांवरून रक्त ओघळत होतं. ती कळशी घेऊन बसली आणि एकदा याच्या, एकदा त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिली, आळीपाळीनं, कुणाला जास्त होऊ नये अशा बेतानं.

धाकट्याला आधी उमरग्याला आणि तिथून सोलापूरला नेलं. खांद्याच्या हाडात पट्टी बसवली, पण हात डोक्याच्या वर जात नाही असं पुढं कळलं. थोरल्याचा गुडघा थोडं लंगडण्यावर भागला. डाव्या डोळ्यानं मात्र त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तो डोळा दगडानं गेला की चुन्यानं, हे डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. आईनं डॉक्टरांना तेच एक विचारलं होतं म्हणे, आणि ते म्हणाले, दोन्हींनी.

पोलीस ठाण्यात मी प्लास्टर घातलेला हात घेऊन जबाब दिला. जमादारानं विचारलं, भांडणाचं कारण. मी म्हणालो, यादी सरकवत होतो. त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग मला ते सगळं करून दाखवावं लागलं, डाव्या हातानं, टेबलावर, हवेत गोल फिरवून. दोन शिपाई बघायला आले. जमादार त्याच भागातला होता. माझा गोल पुरा व्हायच्या आत त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. गोल म्हणजे काय ते मला पहिल्यांदा त्यानंच सांगितलं. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला मला ठाण्याची पायरी चढावी लागली. मला स्वतःचा राग आला नाही. सगळ्यांचा आला.

घरी आल्यावर त्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीनं बोलत होता. पेनामागची रेघ मुद्दाम ठेवलीय म्हणाला, हात कुठं फिरतोय ते माणसाला कळावं म्हणून. त्यांनी लोकांना बसवून बोट आणि पेन दोन्ही तपासलं होतं आणि रेघ असली की लोक कमी चुकतात असं त्यांना दिसलं होतं. मी विचारलं, कुठं बसवून. तो म्हणाला, ऑफिसात. मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, सर, ती रेघ बंद करता येते, सेटिंगमध्ये दुसऱ्या पानावर. मी फोन भिंतीवर मारला. प्लास्टरचा हात असल्यामुळं नीट लागला नाही.

हात बरा होईपर्यंत धंदा बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. विहिरीत गेलेल्या यंत्राच्या जागी दुसरं यंत्र आणि नवीन टॅब घेतला आणि डाव्या हातानं शिकायला बसलो. पेन डाव्या हातात धरवत नव्हतं, गोल काढायला गेलो की अंडं व्हायचं आणि यादी अडखळायची. कोपऱ्यातली चकती उजव्या बाजूला, ती डाव्या हातानं गाठताना सगळी काच झाकायची. शेवटी डाव्या हाताचं बोट, कुठंही टेकवून. पहिले काही दिवस दिशा उलटीच व्हायची. पुढं जायचं तर मी मागं जायचो, डोकं एक सांगायचं आणि हात दुसरं करायचा. मग एक दिवस ते बसलं. प्लास्टर निघाल्यावर उजव्या हातात पेन धरून बघितलं. दोन बोटं मिटत नसली तरी पेन धरता येत होतं. रेघ बंद केलेली होती, कुणाला काही दिसलं नसतं. तरी पेनाचं टोक काचेला लागलं की माझं मनगट आखडायचं. पेन सरस आहे हे मी आजही सांगेन. मी ते वापरत नाही.

पावसाळा गेल्यावर, सोयाबीन निघून रानं मोकळी झाल्यावर, त्या आईचा फोन आला. अर्धी मोजणी तशीच पडलीय, पुरी करून जा म्हणाली. बायको म्हणाली, त्या गावाचं नाव काढलं तर याद राखा. मी गेलो. अर्धं मोजलेलं रान माझ्या डोक्यात कुजत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या दोघांना परत बघायचं होतं.

थोरला जामिनावर होता आणि गावात पाऊल टाकायचं नाही अशी अट असल्यामुळं मुरूम नावाच्या गावी सासरवाडीत राहत होता. ती अट नुकतीच उठली होती. धाकटा दवाखान्यातून निघाल्यापासून बायकोच्या माहेरी होता. आईनं दोघांना त्याच दिवशी बोलावलं होतं. भांडणानंतर गावानं दोघांशी बोलणं टाकलं होतं, त्यामुळं गावात काय चाललंय हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. आम्ही तिघं वेगवेगळ्या वाटांनी रानात पोचलो. दोघे एकमेकांपासून लांब उभे राहिले. एकाचा हात अंगाला चिकटलेला, दुसरा मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं बघणारा.

विहीर नव्हती.

दगडांचा ढीगही नव्हता. जिथं विहीर होती तिथं मुरूम आणि दगड दाबून सपाट केलेले होते, वर डोझरच्या चाकांचे पट्टे. आई त्या सपाटीच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिच्या माहेरच्या एका पोराचा डोझर होता. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं उभं राहून भरून घेतली होती. जो ढीग तिनं आणि नवऱ्यानं डोक्यावरून वाहून वर आणला होता, तो सगळा परत आत लोटला होता. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, कुणी तिला अडवलं नाही.

धाकटा गुडघ्यावर बसला. वरच्या रानाचं पाणी गेलं होतं, कायमचं. ज्या पाळीसाठी त्यानं पहार उचलली होती तीच आता या जगात नव्हती. थोरला लंगडत आईच्या अंगावर धावून गेला. खुळी झालीस का म्हणाला, बापाची विहीर होती. त्याचा हात उगारलेला होता. मी काठी घट्ट धरली.

ती हलली नाही.

"पानी टँकरनं आणता येतंय," ती म्हणाली. "लेकरं न्हाय आणता येत."

थोरल्याचा हात खाली आला, पण तिच्यावर नाही. तो वळला, त्या सपाटीवर बसला आणि नखांनी मुरूम उकरायला लागला. शिव्या देत होता, आईला, बापाला, देवाला. एक दगड मोकळा केला आणि मागं फेकला. दुसरा निघत नव्हता. धाकटा बराच वेळ बघत राहिला. मग उठला, चालत गेला आणि चालणारा एक हात त्या दगडाखाली घातला. दोघांनी मिळून तो उपसला. मग पुढचा. एकमेकांकडं बघत नव्हते, एकमेकांना शिव्या मात्र घालत होते. इकडून ओढ, आंधळ्या. तू सरक, थोट्या. बोटांतून रक्त येत होतं. पुरुषभर खोलीच्या कितीतरी खाली पाणी होतं, त्या दोघांच्या हातांनी ते जन्मभर लागणार नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक असणारच. एवढी मारामारी बघून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

आई उठली, माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती त्या दोघांकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "मोज बाबा लवकर. दोघं एका जागी हाईत तवर."